सहा प्रतींचा फॉर्म आणि एक आयटी मॅनेजर: दुकान ‘डिजिटल’ करण्याआधी हे वाचा



मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच होता. “सर, दुकानासाठी कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?”

उत्तर द्यायला मी मुद्दाम थांबलो. याच प्रश्नाचं घाईत उत्तर शोधून मी एकदा पैसेही घालवलेत आणि एक जुनं गिऱ्हाईकही. ते पुढे सांगतो. आज आधी एका सरकारी आयटी मॅनेजरची गोष्ट. ऑफिस अमेरिकेतलं, पर्यावरण खात्यातलं. तुम्ही म्हणाल, आमच्या दुकानाशी याचा काय संबंध? पूर्ण वाचा, मग ठरवा.

ही बाई कोण?

नाव अ‍ॅन डंकिन. शिक्षण इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचं, जॉर्जिया टेकमधून. म्हणजे मूळ अभ्यास कॉम्प्युटरचा नाही, तर काम कसं होतं, कुठे अडतं, कुठे वेळ वाया जातो याचा. पुढे बरीच वर्षं एचपी कंपनीत. तिथे मॅन्युफॅक्चरिंग, सॉफ्टवेअरची क्वालिटी, आयटी अशी वेगवेगळी कामं केली. मग कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो शहराच्या सरकारी शाळांचं तंत्रज्ञान त्यांनी सांभाळलं. तिथून ओबामांच्या काळात त्या वॉशिंग्टनला गेल्या आणि २०१५ पासून जानेवारी २०१७ पर्यंत ईपीएच्या मुख्य माहिती अधिकारी होत्या. मोठ्या ऑफिसात याच पदाला ‘सीआयओ’ म्हणतात.

ईपीए म्हणजे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था. हवा, पाणी, कचरा यांचे नियम करणारी आणि ते पाळले जातात की नाही हे बघणारी. ती सुरू झाली २ डिसेंबर १९७० ला. गंमत बघा, आपलं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ त्याच वर्षीचं, ७ सप्टेंबर १९७० चं. म्हणजे आपलं मंडळ तीन महिन्यांनी थोरलं!

अशा ऑफिसात आयटी मॅनेजर म्हणजे प्रिंटर दुरुस्त करून देणारा माणूस नव्हे. पर्यावरण खात्याचा इन्स्पेक्टर आपल्याला दिसतो, पण खातं चालतं ते माहितीवर. कोणत्या कारखान्यातून काय निघालं, किती निघालं, कुठे गेलं. ही माहिती वेळेवर आणि खरी मिळाली नाही, तर कितीही कडक नियम असले तरी ते कागदावरच राहतात.

डंकिन मॅडमच्या काळातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. त्याने सरकारी खात्यांच्या सीआयओंना आयटीच्या बजेटवर आणि खरेदीवर जास्त अधिकार दिले. त्याआधी अनेक ठिकाणी खर्च एक जण करायचा आणि जबाबदारी दुसऱ्याच्या डोक्यावर असायची. आपल्याकडे दुकानात काय होतं? भाऊ सॉफ्टवेअर निवडतो, वडील पैसे देतात, चालवतो काउंटरवरचा मुलगा आणि शिव्या खातो तोही तोच. निवड, पैसा आणि जबाबदारी एका टेबलावर आली नाही की काय होतं हे सरकारलासुद्धा कायदा करून शिकावं लागलं.

कचऱ्याबरोबर फिरणारा कागद

आता ईपीएतल्या एका कामाकडे येऊ. त्याचं नाव ई-मॅनिफेस्ट.

कारखान्यातून घातक कचरा निघतो. वापरलेली सॉल्व्हंट, अ‍ॅसिड, रंगाचा गाळ. तो ट्रकमध्ये भरून दुसरीकडे नेतात आणि तिथे त्याची नीट विल्हेवाट लावतात. निदान लावायला हवी! न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाची जागा आहे. एका केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात तिथे सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जमीन एक डॉलर किमतीला शाळा मंडळाला दिली. तिथे शाळा झाली, शेजारी घरं झाली. पंचवीस वर्षांनी, १९७८ मध्ये, तिथे आणीबाणी जाहीर करून लोकांना हलवावं लागलं.

घातक कचऱ्यावरचा अमेरिकेचा कायदा १९७६ चा, आणि त्याचे नियम १९८० मध्ये लागू झाले. त्या नियमांतलं महत्त्वाचं हत्यार म्हणजे हा मॅनिफेस्ट, कचऱ्याबरोबर फिरणारा फॉर्म. कारखाना सही करतो, ट्रकवाला सही करतो, जिथे माल उतरतो ती जागा सही करते. मग शेवटच्या सहीची प्रत पुन्हा कारखान्याकडे येते. कित्येक वर्षं नियम असा होता की मोठ्या कारखान्याकडे ३५ दिवसांत ही पोच आली नाही तर त्याने चौकशी करायची, आणि ४५ दिवसांतही आली नाही तर सरकारला कळवायचं. माल निघाला आणि पोचला, याच्यामध्ये कुणी रस्त्यात नाल्यात ओतून देऊ नये म्हणून ही साखळी.

या फॉर्मच्या सहा प्रती असायच्या. आपल्याकडेही तसंच आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांमधला फॉर्म १० हाच मॅनिफेस्ट, आणि त्याच्या सात प्रती, सात रंगांच्या. ज्यांचं केमिकलचं किंवा प्लेटिंगचं युनिट एमआयडीसीत आहे त्यांनी तो पाहिलेला असेल.

मुदत आली आणि गेली

५ ऑक्टोबर २०१२ ला अमेरिकेत कायदा झाला की हे सगळं कॉम्प्युटरवर आणा, तीन वर्षांत. म्हणजे ऑक्टोबर २०१५ पर्यंत.

ऑक्टोबर २०१५ आला आणि गेला. सिस्टिम तयार नव्हती.

डंकिन मॅडम खुर्चीवर होत्या तो हाच काळ. मोठ्या सरकारी सॉफ्टवेअरची जुनी पद्धत आपल्याला माहीत आहे. आधी जाडजूड यादी करायची, सगळ्या मागण्या त्यात कोंबायच्या, एका कंपनीला ठेका द्यायचा आणि काही वर्षांनी दार उघडून बघायचं की काय आलंय. ईपीएने ही वाट सोडली. अमेरिकन सरकारच्याच १८-एफ नावाच्या तंत्रज्ञान टीमची मदत घेतली आणि काम छोट्या तुकड्यांत करायला घेतलं. एक तुकडा बनवा, वापरणाऱ्यांना दाखवा, ते कुठे अडतात बघा, दुरुस्त करा, मग पुढचा तुकडा. आयटीवाले याला अजाईल म्हणतात. आपली आई नवीन मसाला करते तेव्हा आधी वाटीभर करून चाखायला देते, पाच किलो कांडून आणत नाही. तेच हे.

शेवटी ३० जून २०१८ ला ई-मॅनिफेस्ट सुरू झालं. तोपर्यंत डंकिन मॅडम ते ऑफिस सोडून गेल्या होत्या. हे मी मुद्दाम सांगतोय. अशा नोकरीत झाड एक जण लावतो आणि फळ दुसऱ्याच्या काळात लागतं. तुम्ही दुकानात बसवलेली शिस्तसुद्धा कदाचित तुमच्यानंतर बसणाऱ्याला उपयोगी पडेल. म्हणून ती लिहून ठेवा, डोक्यात ठेवू नका.

दरपत्रक बघा, हा खरा धडा

कायद्यात आणखी एक अट होती. सिस्टिम बनवण्याचा आणि चालवण्याचा खर्च वापरणाऱ्यांच्या फीमधून वसूल करायचा. म्हणजे सरकारी खातं असूनही हिशोब आपल्या दुकानासारखा.

मग फी कुणाकडून घ्यायची? कचरा तयार करणारे कारखाने, गॅरेज, लॅब देशभर पसरलेले. प्रत्येकाच्या मागे वसुलीला कोण लागणार? ईपीएने फी लावली ती कचरा उतरवून घेणाऱ्या जागांना, कारण त्या तुलनेने मोजक्या आहेत. वसुलीचं ठिकाण जितकं कमी, तितकी डोकेदुखी कमी.

आणि दर किती? सुरुवातीचे दर असे होते:

- फॉर्म टपालाने पाठवला तर प्रत्येकी १५ डॉलर
- स्कॅन करून नुसता फोटो अपलोड केला तर १० डॉलर
- फोटोबरोबर माहितीही भरून दिली तर ६ डॉलर ५० सेंट
- इलेक्ट्रॉनिक केलं तर ५ डॉलर

बघितलंत? दर ठरवताना विचार केला तो “या गिऱ्हाइकामुळे माझ्या माणसाला किती काम पडतं” याचा. टपालाने आलेला कागद कुणीतरी उघडणार, वाचणार, टाइप करणार. त्याचे पैसे कागद पाठवणाऱ्याने द्यायचे. जो माझं काम वाचवतो त्याला स्वस्त.

आपण उलटं करतो. जे गिऱ्हाईक फोनवर अर्धा तास घासाघीस करतं, तीन वेळा माल बदलून नेतं आणि दोन महिन्यांनी पैसे देतं, त्याला सगळ्यात जास्त डिस्काउंट. आणि जो गपचूप येऊन रोख देऊन जातो त्याला एमआरपी!

तरीही लोक कागदालाच चिकटले

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण पुढचा भाग कुणी व्हिडिओत सांगत नाही.

कायदा होता, सिस्टिम होती, दरही तिप्पट स्वस्त होता. तरी सुरुवातीच्या वर्षांत पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक मॅनिफेस्टचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली राहिलं. शंभरात एकसुद्धा नाही. बाकी सगळे कागदावर सही करायचे आणि मग स्कॅन अपलोड करायचे.

का? कारणं समजून घ्या, कारण तुमच्या दुकानातही हीच असणार आहेत.

पहिलं कारण म्हणजे साखळी. पूर्ण इलेक्ट्रॉनिक करायचं तर कारखाना, ट्रकवाला आणि उतरवणारा, तिघांचीही नोंदणी हवी, तिघांनाही सही जमायला हवी. तिघांपैकी एक जरी म्हणाला “मला नाही येत”, की सगळं पुन्हा कागदावर.

दुसरं कारण, दुसऱ्याच खात्याचा नियम. घातक माल नेणाऱ्या ट्रकमध्ये छापील कागद असायलाच हवा, असा तिथल्या वाहतूक खात्याचा नियम होता. म्हणजे स्क्रीनवर सही केली तरी एक प्रिंट काढावीच लागणार. मग लोक म्हणाले, प्रिंट काढायचीच आहे तर सही पण त्याच्यावरच करू की!

तिसरं कारण, स्वस्त दराचा फायदा उतरवून घेणाऱ्याला मिळत होता. पण सवय बदलायची होती कारखान्याच्या गेटवरच्या माणसाला आणि ट्रकच्या ड्रायव्हरला. त्रास एकाला आणि फायदा दुसऱ्याला असेल तर कुणी कशाला बदलेल?

ईपीएने यावर काय केलं तेही बघा. एक मधली पायरी ठेवली. कारखान्याने कागदावर सही करायची, पुढचे दोघे इलेक्ट्रॉनिक. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त त्रास आहे त्याला सूट. मग ३० जून २०२१ पासून टपालाने येणारे फॉर्म घेणं बंद केलं. सगळ्यात महाग पडणारा दरवाजा बंद, पण तीन वर्षं आधी सांगून. आणि २२ जानेवारी २०२५ पासून मोठ्या आणि मध्यम कचरा उत्पादकांना शेवटची सही झालेली प्रत मिळवण्यासाठी सिस्टिममध्ये नोंदणी सक्तीची केली. १९८० चा कागद, २०१२ चा कायदा, आणि २०२५ मध्येही पायऱ्या चालूच होत्या.

आता माझी चूक

माझं हार्डवेअर आणि प्लंबिंगचं दुकान आहे. आमच्या धंद्यात माल गिऱ्हाईक स्वतः कमी नेतं, मिस्त्री नेतो. सकाळी आठला प्लंबर येतो, “पाटलांच्या साईटवर द्या” म्हणतो, माल रिक्षात टाकतो आणि जातो. पैसे महिन्याने घरमालक देतो. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या काळात एक चिठ्ठी असायची. मिस्त्री सही करायचा, चिठ्ठी खिळ्याला टोचायची, संध्याकाळी उधारीच्या वहीत नोंद.

मी बीबीए करून आलेलो. अण्णांना म्हटलं, हे काय जुनाट चाललंय! अडतीस हजारांचं सॉफ्टवेअर घेतलं, बारकोडचं मशीन घेतलं आणि एक तारखेपासून चिठ्ठी बंद केली. अण्णा एवढंच म्हणाले, “मिस्त्र्याला विचारलंस का?” मी नव्हतं विचारलं.

सकाळी आठला काउंटरवर चार मिस्त्री उभे असतात. प्रत्येकाचं बिल टाकायला पाच मिनिटं. ते थांबायला तयार नसायचे. मग आमचा मुलगा माल देऊन टाकायचा आणि नंतर आठवून नोंद करायचा. चिठ्ठी नाही, सही नाही. तीन महिन्यांनी एका घरमालकाला एकसष्ट हजारांचं बिल पाठवलं. ते म्हणाले, यातला बावीस हजारांचा माल माझ्या साईटवर आलाच नाही. मिस्त्री म्हणाला, मी नेलाच नाही. माझ्याकडे दाखवायला काय होतं? कॉम्प्युटरमधली माझीच एंट्री. त्यावर त्यांचा कुणाचाच अंगठा नाही.

बावीस हजार सोडले. त्याचं दुःख नाही. पण ते अण्णांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक होतं, एकवीस वर्षांचं. त्यांच्या मुलाच्या घराचं काम निघालं तेव्हा माल दुसऱ्या दुकानातून गेला. अण्णा मला एक शब्द बोलले नाहीत, आणि ते जास्त लागलं.

ई-मॅनिफेस्टचं प्रकरण वाचताना मला माझी चूक सापडली. चिठ्ठी म्हणजे माझा मॅनिफेस्ट होता. माल तीन हातांतून जातो, म्हणून तीन जणांची खूण लागते. मी कागद काढून टाकला आणि कागदाबरोबर ती खूणही गेली. शिवाय त्रास मिस्त्र्याला आणि फायदा मला अशी योजना केली होती. ती चालणार कशी?

आता आम्ही मधली पायरी ठेवलीय. मिस्त्री चिठ्ठीवर सही करतो, अर्ध्या मिनिटात मोकळा. आमचा मुलगा चिठ्ठीचा फोटो तिथल्या तिथे घरमालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. “हा माल आज निघाला.” संध्याकाळी त्यावरून सॉफ्टवेअरमध्ये एंट्री. सॉफ्टवेअर तेच आहे, अडतीस हजारांचंच. फक्त आता ते चालतं.

मग तुम्ही काय करायचं?

सॉफ्टवेअर घेण्याआधी ही पाच कामं करा.

१. तुमच्या दुकानातला एक कागद निवडा. बिल, चिठ्ठी, ऑर्डर, काहीही. तो किती हातांतून जातो ते लिहा. प्रत्येक हात त्याच्यावर काय करतो तेही लिहा.

२. त्या साखळीत सगळ्यात घाईत असलेला माणूस शोधा. डिलिव्हरी बॉय असेल, मिस्त्री असेल, तुमची आई असेल. नवीन पद्धत त्याला विचारून ठरवा. तो अडला की सगळं अडलं.

३. एकदम सगळं बदलू नका. पंधरा दिवस एकाच वस्तूवर किंवा पाचच गिऱ्हाइकांवर करून बघा. जुनी वही तोपर्यंत चालू ठेवा.

४. जो तुमचं काम वाचवतो त्याला थोडं स्वस्त द्या, आणि ते त्याला सांगून द्या. “व्हॉट्सअ‍ॅपवर आदल्या दिवशी ऑर्डर दिली तर डिलिव्हरी फुकट.” सवलत मात्र ज्याला सवय बदलायचीय त्याच्याच खिशात पडली पाहिजे.

५. जी पद्धत सगळ्यात महाग पडते ती बंद करायची तारीख ठरवा आणि आधीपासून बोर्डावर लिहा. न सांगता दार बंद केलं तर गिऱ्हाईक दुसरं दार शोधतं.

जाता जाता, ज्यांना धंद्याऐवजी नोकरीचा विचार आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. डंकिन मॅडम ईपीएनंतर कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीच्या सीआयओ झाल्या, मग डेल कंपनीत गेल्या आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या सीआयओ झाल्या. कॉम्प्युटर कंपनी, शाळा, पर्यावरण, काउंटी, ऊर्जा. दर वेळी विषय वेगळा, पण हातातलं कौशल्य तेच राहिलं. काम कुठून कुठे जातं आणि कुठे अडतं हे बघण्याचं. हे कौशल्य ज्याच्याकडे आहे त्याला नोकरीही मिळते आणि धंदाही जमतो. आपल्याकडे प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. तो व्यवस्थित भरून देणारा, कागद सांभाळणारा भरवशाचा माणूस छोट्या कारखानदारांना हवा असतो. हाही एक धंदाच आहे, विचार करा.

आणि हो, “कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?” याचं उत्तर पुढच्या व्हिडिओत देईन. पण आधी वरचं पहिलं काम करा. तुमचा कागद किती हातांतून जातो ते खाली कमेंटमध्ये लिहा. नुसता आकडा लिहिलात तरी चालेल. माझा तीन आहे.

भेटू पुढच्या रविवारी. तोपर्यंत गल्ला नीट मोजा आणि चिठ्ठ्या जपून ठेवा.